मराठी ई-पुस्तक एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना: ईपब, पीडीएफ, किंडल आणि तुटणारी जोडाक्षरं

‘माझ्याकडे मराठी पुस्तकाची पीडीएफ आहे, ती किंडलवर नीट वाचता येईल का?’ ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राबद्दलचा हा प्रश्न मला ओळखीच्यांकडून सतत येतो. इंग्रजी पुस्तक असेल तर दोन क्लिकांत काम होतं. मराठीचं तसं नाही. नेटवरच्या बहुतेक सूचना इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या तंतोतंत पाळल्या तरी शेवटी पडद्यावर रिकामे चौकोन, तुटकी जोडाक्षरं आणि भलत्याच जागी बसलेल्या वेलांट्या येतात, आणि माणूस वैतागून पुस्तक सोडून देतो.

बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो आणि फॉरमॅटचाही नसतो. फाइलच्या आत मराठी मजकूर कोणत्या रूपात साठवलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून रूपांतराच्या आधीच्या तपासणीला मी इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे. ती पायरी गाळून पुढे जाऊ नका.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- एक संगणक. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालेल. फोनवर वाचता येतं, पण दुरुस्तीचं काम फोनवर करू नका.
- कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर. कोविद गोयल या भारतीय वंशाच्या प्रोग्रॅमरने २००६ साली सोनीच्या एका ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं. आज ई-पुस्तकांच्या कामात त्याला तोड नाही. ते अधिकृत साइटवरूनच उतरवा.
- एक-दोन चांगले युनिकोड देवनागरी फाँट. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिरो देवनागरी मराठी, मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी हे सगळे गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. आयआयटी मुंबईचा शोभिका हाही उत्तम आहे.
- डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल. काही केबलींमधून फक्त चार्जिंग होतं. संगणकाला यंत्र दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहा.
- स्कॅन केलेलं पुस्तक असेल तर गूगल ड्राइव्हचं खातं आणि भरपूर सवड.

## १. फॉरमॅटची जुजबी ओळख करून घ्या

चारच नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

पीडीएफ छपाईच्या पानाची हुबेहूब प्रत जपण्यासाठी १९९३ मध्ये आली. पान जसं मांडलंय तसंच दिसणार, हा तिचा गुण. सहा इंची पडद्यावर तोच दोष ठरतो, कारण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते.

ईपब म्हणजे छोट्या वेबपानांचं एक गाठोडं. आत मजकुराची पानं, चित्रं, फाँट आणि अनुक्रमणिका असते. नावाचा शेवटचा भाग बदलून ‘झिप’ केला तर हे गाठोडं सोडून आत डोकावता येतं. अक्षराचा आकार बदलला की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना मोठं अक्षर हवं असतं, त्यांच्यासाठी एवढा एक फरक पुस्तक वाचता येणं आणि न येणं यातला असतो.

मोबी हा किंडलचा जुना फॉरमॅट आता मागे पडलाय. नवीन पुस्तक मोबीत करू नका. एझेडडब्ल्यू३ हा त्यानंतरचा. केबलने किंडलवर पुस्तक टाकायचं तर हा वापरा.

कोबो या दुसऱ्या ई-रीडरचा स्वतःचा केपब नावाचा ईपबचा पोटप्रकार आहे, त्याबद्दल सातव्या पायरीत सांगते.

माझा आग्रह एवढाच: प्रत्येक पुस्तकाची एक स्वच्छ ईपब तयार करा आणि तीच मूळ प्रत माना. किंडलसाठी, कोबोसाठी लागतील त्या प्रती तिच्यापासून काढा. रूपांतर केलेल्या प्रतीचं पुन्हा रूपांतर करत गेलात तर दर वेळी काहीतरी गळतं. कधी तळटीपा, कधी प्रकरणांची नावं, कधी कवितेच्या ओळींची मांडणी.

## २. फाइल आतून कशी आहे ते तपासा

पीडीएफ उघडा. मधलाच एखादा परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पुढच्या चारपैकी एक काहीतरी घडेल.

मजकूर निवडताच येत नाही. ही पानांची छायाचित्रं आहेत, म्हणजे स्कॅन. इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं बहुतांशी अशीच असतात. चौथ्या पायरीतल्या ‘क’कडे जा.

रोमन अक्षरं, कंस, अधोरेषा यांची खिचडी पेस्ट होते. पीडीएफमध्ये मराठी सुरेख दिसते आणि पेस्ट केल्यावर मात्र हे. कारण ते पुस्तक युनिकोडपूर्व फाँटात जुळवलेलं आहे. या फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. मराठी प्रकाशनव्यवहाराचा फार मोठा भाग वर्षानुवर्षं श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींवर चालला आणि कित्येक ठिकाणी अजून चालतो, त्यामुळे हा प्रकार तुम्हाला वारंवार भेटणार. कोणता फाँट आहे हे पाहायला ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘फाँट्स’चा टॅब उघडा. ‘श्री-देव’ किंवा ‘डीव्हीबी-टीटी’ने सुरू होणारी नावं दिसली की शंका फिटली.

मराठीच पेस्ट होते, पण मोडलेली. ‘किती’चं ‘िकती’ होतं, उकार सुटून पुढे जातात, जोडाक्षरांतलं एखादं अक्षर गायब होतं, शब्दांच्या मध्येच जागा पडतात. इथे फाँट युनिकोड आहे, पण पीडीएफ अक्षरांची चित्रं ज्या क्रमाने पानावर मांडते, तो क्रम आपल्या लिहिण्याच्या क्रमाशी जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर टंकतो, ती दिसते मात्र व्यंजनाच्या आधी. सगळ्यांत फसवा प्रकार हाच. वरवर नजर टाकली तर मजकूर ठीक वाटतो आणि रूपांतर करून चाळीस पानं वाचल्यावर लक्षात येतं की शोध चालत नाही, शब्द अडखळतात.

मजकूर अगदी बरोबर पेस्ट होतो. उत्तम. तरी दोन-तीन वेगवेगळ्या पानांवर तपासा, विशेषतः ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍हास’, ‘दुसऱ्या’, ‘ट्रक’, ‘कृष्ण’ असे शब्द असतील तिथे.

हीच चाचणी नेटवरून मिळालेल्या ईपबलाही लावा. ‘ईपब’ नाव असलेल्या काही फाइलींमध्ये आत नुसती पानांची चित्रं चिकटवलेली असतात.

## ३. कुलूप आणि हक्क

विकत घेतलेल्या ई-पुस्तकांवर बहुधा डीआरएम नावाचं कुलूप असतं. किंडल स्टोअरमधलं असं पुस्तक किंडलच्याच यंत्रावर किंवा ॲपमध्ये उघडतं. बुकगंगासारख्या मराठी दुकानांतली पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. कॅलिबर अशी कुलूपबंद फाइल रूपांतरित करत नाही, तसा स्पष्ट संदेश दाखवून थांबतो. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. त्या वाटेला जाऊ नका. घेण्याआधीच विचार करा की हे पुस्तक तुम्ही कोणत्या यंत्रावर वाचणार आहात आणि ते दुकान त्या यंत्रावर चालतं का. ॲमेझॉनने संकेतस्थळावरून पुस्तक उतरवून केबलने किंडलवर टाकायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, हेही ध्यानात असू द्या.

मोकळी पुस्तकं कुठे मिळतात? मराठी विकिस्रोतावर पुस्तकाच्या पानावरूनच ईपब उतरवता येते आणि ती शुद्ध युनिकोडमध्ये असते. नवख्याने सरावासाठी तिथलंच एखादं पुस्तक घ्यावं. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मोफत पुस्तकं देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरीच प्रकाशनं पीडीएफ रूपात आहेत.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क असू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी हयात लेखकांची पुस्तकं या कशातच बसत नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी असते, ती अशी फुकट फिरली की पुढचं पुस्तक निघणंच अवघड होतं.

## ४. मूळ ईपब तयार करा

### अ. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर

वर्ड किंवा गूगल डॉक्समधली फाइल हाती असेल तर तुम्ही नशीबवान आहात. प्रकरणांच्या नावांना नुसतं ठळक आणि मोठं करू नका, ‘हेडिंग १’ ही शैली द्या. कॅलिबर त्यावरूनच अनुक्रमणिका बनवतो. गूगल डॉक्समध्ये ‘फाइल’, मग ‘डाउनलोड’ इथे थेट ईपबचा पर्याय आहे, लिब्रेऑफिसमध्येही आहे. वर्डची फाइल असेल तर ती सरळ कॅलिबरमध्ये टाका.

बरोबर मजकूर असलेली पीडीएफही कॅलिबरमध्ये टाकता येते, पण दोन गोष्टी हाताने काढाव्या लागतात. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा पृष्ठक्रमांक मजकुराच्या मध्येच येऊन बसतात. आणि ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटतो. दुसऱ्यासाठी रूपांतराच्या खिडकीत ‘ह्युरिस्टिक प्रोसेसिंग’ सुरू करून पाहा. कवितासंग्रहाला मात्र ते लावू नका, ओळी एकमेकींना जोडल्या जातील.

### ब. जुना फाँट असेल तर

आधी लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे मूळ मजकूर मागा. ओळखीचं पुस्तक असेल, संस्थेची स्मरणिका असेल, घरातल्या कुणाचं आत्मचरित्र असेल तर हा मार्ग सगळ्यांत सोपा. मूळ फाइलही जुन्याच फाँटात असली तरी तिच्यातला मजकूर पीडीएफपेक्षा चांगला निघतो.

मग तो युनिकोडमध्ये बदलायचा. श्रीलिपी आणि आयएसएम या दोन्हींच्या संचांत त्यासाठी सोय असते. प्रत्येक फाँटासाठी वेगळे परिवर्तक नेटवरही मिळतात. सापळा असा की श्रीलिपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची अक्षररचना वेगळी आहे. परिवर्तक चुकीचा निवडला तर नव्वद टक्के शब्द बरोबर येतात आणि काही विशिष्ट जोडाक्षरं सगळीकडे चुकतात. म्हणून आधी फक्त एक पान बदला, छापील पानाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा आणि मगच पूर्ण पुस्तक घ्या. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि आकडे परिवर्तकात बिघडतात, ते वेगळे तपासा.

### क. स्कॅन असेल, किंवा मजकूर मोडलेला असेल तर

इथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखण्याचं काम, करावं लागतं. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. मराठीची ओळख चांगली होते. मोठी फाइल मात्र अर्धवट येते किंवा येतच नाही, म्हणून पीडीएफसॅमसारख्या मोफत साधनाने तिचे दहा-दहा पानांचे तुकडे करा. नेटवर न चढवता स्वतःच्या संगणकावर करायचं तर टेसरॅक्ट हे मोफत साधन आहे. त्यात मराठीचा भाषासंच वेगळा उतरवून निवडावा लागतो. तो न निवडता चालवलंत तर ते मराठी अक्षरांत इंग्रजी शोधत बसतं.

स्वतः स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा आणि पान सरळ बसवा. तिरकं पान, पानामागची शाई उमटणं आणि शिवणीजवळची सावली, या तीन गोष्टींनी ओळख सर्वाधिक बिघडते.

त्यानंतर मुद्रितशोधन. त्याला पर्याय नाही. चुका ठरावीक जागी होतात: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’. अनुस्वार गळतात, विसर्गाचा अपूर्णविराम होतो. मी वाचताना एका बाजूला स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवते. एका बैठकीत फार पानं ओढत नाही, कारण डोळे थकले की ‘धर’ आणि ‘घर’ यांतला फरक दिसेनासा होतो.

पुस्तक एकदाच वाचायचं असेल तर एवढा खटाटोप करू नका. थेट आठव्या पायरीवर जा.

## ५. कॅलिबरमध्ये रूपांतर

पुस्तक ओढून कॅलिबरच्या खिडकीत टाका. पहिलं काम ‘एडिट मेटाडेटा’. तिथे नाव, लेखक आणि मुखपृष्ठ भराच, पण ‘लँग्वेजेस’मध्ये मराठी निवडायला विसरू नका. बहुतेक लोक ही चौकट रिकामी सोडतात. काही फाँट भाषेची खूण पाहून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. खूण नसेल तर हिंदी वळणाचे येतात. तिरो देवनागरीत मराठीसाठी वेगळा फाँटच असल्याने तिथे हा प्रश्न उरत नाही.

आता ‘कन्व्हर्ट बुक्स’ दाबा. उजव्या कोपऱ्यात वर ‘आउटपुट फॉरमॅट’ आहे, तिथे ईपब निवडा. डावीकडे ‘लुक अँड फील’मध्ये जा आणि हे बदल करा:

- ‘एम्बेड फाँट फॅमिली’: आपला देवनागरी फाँट निवडा. तो आधी संगणकावर बसवलेला असला पाहिजे. यामुळे फाँट पुस्तकाच्या आतच जातो.
- ‘सबसेट ऑल एम्बेडेड फाँट्स’: फाइल लहान करण्यासाठी न वापरलेली अक्षरं काढून टाकणारा हा पर्याय आहे. मराठीसाठी तो बंद ठेवा. देवनागरी फाँटाची फाइल एवढी मोठी नसते की हा धोका पत्करावा.
- ‘मिनिमम लाइन हाइट’: मुळात १२० टक्के असते, ती १४० करा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडत नाहीत.
- ‘टेक्स्ट जस्टिफिकेशन’: ‘लेफ्ट अलाइन’. मराठी शब्द लांब असतात. छोट्या पडद्यावर दोन्ही कडा जुळवायला गेलं की शब्दांमध्ये भगदाडं पडतात.
- ‘ट्रान्सलिटरेट युनिकोड कॅरेक्टर्स टू आस्की’: याला कधीही हात लावू नका. ही खूण केली की सगळं पुस्तक रोमन लिपीत जातं.

यातलं फाँट, ओळींतलं अंतर आणि समास हे ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘कॉमन ऑप्शन्स’मध्ये एकदाच ठरवून ठेवता येतं.

रूपांतर झाल्यावर पुस्तक कॅलिबरमध्येच उघडून पाहा, मग ‘एडिट बुक’मध्ये जाऊन एफ७ दाबा. चुकांची यादी येते. त्यातल्या बऱ्याचशा एका बटणात सुधारतात.

## ६. ‘दुसऱ्या’ची तपासणी

ही पायरी कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एक म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’, मग पाय मोडायचा, मग ‘य’. दुसरा म्हणजे साधा ‘र’, पाय मोडायचा, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग ‘य’. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण ते अदृश्य चिन्ह रूपांतरात, ओसीआरमध्ये किंवा एखाद्या साफसफाई करणाऱ्या साधनात सहज गळतं. ते गळलं की उरतो नुसता रफार, आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे तर अर्थानेच वेगळे शब्द. समुद्र आणि डोंगरातल्या घळी यांची गल्लत व्हायची.

उपाय सोपा आहे. ‘एडिट बुक’मध्ये शोध-आणि-बदल उघडा. आधी अदृश्य चिन्ह असलेली रूपं शोधून त्यांच्या जागी नुक्त्याचा ‘ऱ’ घाला. एखादा तसा शब्द पुस्तकातूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट केलात की ते चिन्ह आपोआप सोबत येतं. मग ‘र्या’, ‘र्यां’, ‘र्हा’ एकेक करून शोधा. इथे ‘रिप्लेस ऑल’ वापरू नका. ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘सूर्यास्त’, ‘आर्या’ यांत रफारच हवा आहे, तो बिघडेल.

याच फेरीत ‘ॲ’ही पाहा. जुन्या यंत्रांच्या फाँटांत तो नसल्याने ‘ॲप’, ‘ॲड’ या शब्दांत चौकोन दिसतो. पुस्तकात फाँट बसवलेला असेल तर ही अडचण येत नाही.

## ७. यंत्रावर नेणं

### किंडल

दोन मार्ग आहेत.

सेंड टू किंडल. ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ पानावर फाइल चढवा, मर्यादा २०० एमबी. किंवा किंडलच्या ईमेल पत्त्यावर पाठवा, तिथे ५० एमबी. २०२२ पासून ही सेवा ईपब थेट स्वीकारते. असं पाठवलेलं पुस्तक फोनवरच्या किंडल ॲपमध्येही येतं आणि वाचून कुठे थांबलात ती खूण जुळते, म्हणून मी हाच मार्ग सुचवते. ईमेलने पाठवत असाल तर स्वतःचा पत्ता खात्याच्या मंजूर यादीत आधी घाला.

इथले सापळे: ईपबच्या आत युटीएफ-८ची, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीची, नोंद नसेल तर मराठीऐवजी चित्रविचित्र लॅटिन चिन्हं उगवतात. भाषेची नोंद चुकीची किंवा रिकामी असेल तर फाइल नाकारली जाऊ शकते. दोन्हींवर औषध एकच. ती ईपब कॅलिबरमध्ये घेऊन, भाषा भरून, ईपबचीच पुन्हा ईपब करा. आणि पीडीएफ ईमेलने पाठवताना विषयात ‘कन्व्हर्ट’ लिहिण्याचा सल्ला मराठी पीडीएफसाठी पाळू नका. दुसऱ्या पायरीत मोडलेला निघालेला मजकूर तिथेही तसाच मोडतो.

केबल. केबलने टाकलेली ईपब किंडलला दिसतच नाही, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू३ करा आणि ‘सेंड टू डिव्हाइस’ दाबा. २०२४ पासूनची किंडल यंत्रं पेनड्राइव्हसारखी जोडली जात नाहीत, त्यामुळे मॅकच्या फाइंडरमध्ये ती दिसत नाहीत. कॅलिबर त्यांना ओळखतो, मात्र त्या वेळी यंत्रावरच्या फाइली दाखवणारी दुसरी कुठली ॲप उघडी ठेवू नका.

पुस्तक उघडल्यावर अक्षरांच्या मेनूत जाऊन फाँटांपैकी ‘पब्लिशर फाँट’ निवडा. नाहीतर आपण आत बसवलेला फाँट वापरलाच जात नाही.

### कोबो, टोलिनो, पॉकेटबुक

कॅनडा-युरोपातल्या मराठी मंडळींकडे ही यंत्रं बरीच दिसतात. तिन्ही ईपब थेट वाचतात. कोबोत साध्या ईपबसाठी एक इंजिन चालतं आणि केपबसाठी दुसरं. साध्या ईपबमध्ये जोडाक्षरं सुटी पडली, वेलांटी भलतीकडे गेली, तर केपब करून बघा. कॅलिबरच्या आठव्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. हाताने फाइल टाकणार असाल तर नावाच्या शेवटी ‘.केपब.ईपब’ अशी जोडशेपटी रोमन लिपीत असायला हवी, नाहीतर कोबो तिला साधी ईपबच समजतो. कोबोत सगळ्यांत वरच्या पातळीवर, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या आत नव्हे, ‘फाँट्स’ नावाचा फोल्डर रोमन लिपीत करून त्यात देवनागरी फाँट ठेवला की तो यादीत येतो.

### फोन आणि टॅबलेट

इथे अडचणी सगळ्यांत कमी, कारण अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही देवनागरी व्यवस्थित दाखवतात. आयफोनवर ॲपल बुक्स, अँड्रॉइडवर रीडएरा किंवा गूगल प्ले बुक्स. प्ले बुक्समध्ये स्वतःची ईपब चढवली की ती खात्यात राहते आणि दुसऱ्या फोनवरही उघडते.

## ८. पीडीएफ पीडीएफच ठेवून वाचायची असेल तर

स्कॅन पुस्तकासाठी केटूपीडीएफऑप्ट नावाचं मोफत साधन आहे. ते अक्षरं ओळखायच्या भानगडीत पडत नाही. पानाच्या चित्रातले शब्द कापून छोट्या पडद्याच्या रुंदीत नव्याने मांडतं. मराठीला हे चांगलं मानवतं, कारण शिरोरेषेमुळे प्रत्येक शब्द सलग राहतो आणि मध्येच तुटत नाही. ओळी फार दाटीने छापलेल्या असतील तर खालचे उकार कापले गेलेत का, हे पहिल्या काही पानांवर पाहून घ्या. कोरीडर हे वाचनाचं मोफत ॲप अँड्रॉइडवर, कोबोवर आणि पॉकेटबुकवर चालतं आणि त्यात हीच सोय वाचता वाचता मिळते. तेही नको असेल तर निदान समास कापा आणि यंत्र आडवं धरा.

शब्दकोश, गणिताची पुस्तकं, चित्रमय बालसाहित्य, दोन स्तंभांची मासिकं ही मोठ्या टॅबलेटवर पीडीएफ म्हणूनच वाचावीत. त्यांची ईपब करण्यात जाणारा वेळ सत्कारणी लागत नाही.

## ९. साठवण

कॅलिबर पुस्तकं स्वतःच्या फोल्डरमध्ये लेखकाच्या नावाने ठेवतो आणि मराठी नावांचं रोमन लिप्यंतर करतो. ती नावं विचित्र दिसतात, पण तिथे जाऊन हाताने बदलू नका, हलवू नका, कॅलिबरची नोंद बिघडते. मराठी नावाची फाइल बाहेर हवी असेल तर ‘सेव्ह टू डिस्क’ वापरा आणि त्याच्या पसंतींमधली ‘कन्व्हर्ट नॉन-इंग्लिश कॅरेक्टर्स’ ही खूण काढा. लेखकाच्या नावापुढे ‘ऑथर सॉर्ट’ अशी चौकट असते. कॅलिबर तिथे आडनाव आधी घेतो. संतांची नावं, टोपणनावं यांत तो गोंधळतो, ती हाताने भरा. एकाच लेखकाचं नाव कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण लिहिलं तर यादीत दोन लेखक तयार होतात, म्हणून एकच पद्धत ठरवा.

बॅकअपसाठी कॅलिबरचा संपूर्ण लायब्ररी फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला की पुरतं. त्यात पुस्तकं, मुखपृष्ठं आणि नोंदी सगळं असतं. कॅलिबर बंद करून मगच कॉपी करा. ओसीआर करून शुद्ध केलेल्या पुस्तकांची मूळ स्कॅनही त्याच नोंदीत पीडीएफ म्हणून जोडून ठेवा. वाचताना एखादा शब्द खटकला की छापील पानाशी ताडून तिथल्या तिथे सुधारता येतो. पुस्तक हक्कमुक्त असेल आणि तुम्ही ते पूर्ण तपासलं असेल, तर तो मजकूर मराठी विकिस्रोतावर चढवा. तिथे स्कॅनचं पान आणि मजकूर शेजारी शेजारी दिसतात, तुमच्या नजरेतून सुटलेली चूक दुसरा कुणी सुधारतो, आणि पुढच्या माणसाला ईपब आयती मिळते.